नाशिकहून अंदमान: बेटांवरचा आठवडा कसा आखावा

अंदमानची सहल बिघडते ती तिथे पोहोचण्याआधीच, कागदावर. पाच रात्रींत सहा बेटं, दोन संग्रहालयं आणि रोज एक ‘वॉटर स्पोर्ट’ असं पॅकेज कुणीतरी हातात ठेवतं, आपण खुश होतो आणि मग अर्धी सुट्टी धक्क्यावर बॅगांवर बसून जाते. तिथे दिवस ठरवतात दोनच गोष्टी: बोटीची वेळ आणि सूर्य. या दोन्हींना मान देऊन आखणी केली, तर बाकी सगळं सोपं आहे.

सूर्याचं आधी बघू, कारण नाशिककराला तोच पहिल्या दिवशी चकवतो. अंदमानचं घड्याळ आपलंच, भारतीय प्रमाणवेळेचं. पण बेटं आपल्यापेक्षा साधारण १९ रेखांश पूर्वेला आहेत. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वा तास झाला. डिसेंबरात तिथे साडेपाचला उजाडतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो. आठला आरामात उठून, दहाला नाश्ता करून बाहेर पडणाऱ्यांना किनारा भर उन्हात भेटतो आणि चहा होईस्तोवर अंधार पडतो. तेव्हा पहाटे पाचला उठा, अकरापर्यंत पाण्यातलं सगळं उरका, दुपारी जेवून झोपा आणि साडेतीनला सूर्यास्तासाठी निघा. हे वेळापत्रक मुलांना दोन दिवसांत अंगवळणी पडतं. मोठ्यांचं सांगता येत नाही.

कधी जावं

दिवाळीची सुट्टी मोठी, म्हणून आपल्याकडचे बरेच जण तेव्हाच तिकीट काढतात. माझं मत विचाराल तर दिवाळी टाळा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. वादळ बेटांवर आलं नाही तरी समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि पाणी गढूळ झालं की खालचं प्रवाळ दिसत नाही. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, तोही आपल्या इगतपुरीसारखा मनसोक्त.

जानेवारी ते एप्रिल हा खरा हंगाम. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना जानेवारी ते मार्च घर सोडणं अशक्य, हे ठाऊक आहे. त्यांच्यासाठी माल उतरल्यानंतरचा एप्रिल उत्तम. ऊन कडक असतं, पण समुद्र शांत, पाणी नितळ आणि नाताळच्या मानाने गर्दीही कमी. खरड छाटणीचं मजुरांशी आधी ठरवून घ्या आणि निघा. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र सगळ्यात महाग.

नाशिकहून निघताना

मुक्कामाचं गाव पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं नाव श्री विजयपुरम झालं, पण विमानाच्या तिकिटावर आणि लोकांच्या तोंडी जुनं नावही चालू आहे. बेटांची नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली: हॅवलॉक झालं स्वराज द्वीप, नील झालं शहीद द्वीप, रॉस झालं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बोटीचं तिकीट काढताना ही जोडी डोक्यात ठेवा, नाहीतर भलत्याच बेटाचं तिकीट घेऊन बसाल.

बहुतेकांचा रस्ता मुंबईवरून जातो. तिथून चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलायचं. ओझरहून हैदराबाद किंवा बंगळूरला जाऊन पुढचं विमान धरता येत असेल तर कसारा घाटाचा प्रवास वाचतो. तारखा ठरवण्याआधी ही जोडणी तपासा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटं काढलीत तर मध्ये निदान चार तास ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. मुंबईहून पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीच मुंबई गाठा. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही जातात, पण त्यात साधारण तीन दिवस जातात. नोकरी सांभाळून येणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

भारतीयांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नीलसाठी वेगळा परवाना लागत नाही. आधार किंवा मतदार ओळखपत्र मात्र मूळच न्या, बोटीवर चढताना ते बघतात. निकोबार पर्यटकांसाठी खुलं नाही, त्यामुळे ‘अंदमान-निकोबार टूर’ असं कुणी विकत असेल तर त्यातलं निकोबार फक्त जाहिरातीत आहे असं समजा.

आधी बोट, मग हॉटेल

विमानाचं तिकीट झालं की लगेच बेटांमधल्या बोटींची तिकिटं काढा आणि त्यानंतरच हॉटेलं. सगळे हे उलट करतात. मग हॉटेल एका तारखेचं आणि बोटीत जागा दुसऱ्या तारखेची.

खासगी बोटी वातानुकूलित असतात, वेगाने जातात आणि पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला साधारण दीड-दोन तासांत सोडतात. हॅवलॉक ते नील तासाभराच्या आतबाहेर. सरकारी बोट स्वस्त आणि जरा संथ, पण डेकवर उभं राहून वारा खाता येतो, हे तिचं मोठं सुख. तिची तिकिटं मात्र थोडी आणि पटकन संपणारी. एक बाजू खासगी आणि एक सरकारी जमली तर दोन्हींचा अनुभव मिळतो.

खाडी ओलांडून मोकळा समुद्र लागला की बोट डुलायला लागते. ज्यांना सप्तशृंगीच्या घाटात मळमळतं त्यांनी डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी बोट सुटण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही. पोट अगदी रिकामं नको, तुडुंबही नको. जागा निवडता आली तर खालच्या मजल्यावर मधली घ्या, मोबाइलमध्ये डोकं घालू नका, खिडकीतून क्षितिजाकडे बघा.

सहा रात्रींचा माझा आराखडा असा: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, पुढच्या तीन हॅवलॉक, एक नील, शेवटची परत पोर्ट ब्लेअर. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी, यात तडजोड नको. सकाळी नीलहून बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचा बेत म्हणजे सगळी भिस्त हवामानावर. बोट रद्द झाली तर विमान गेलं.

पोर्ट ब्लेअर: तुरुंगाला अर्धा दिवस द्या

पॅकेजवाले सेल्युलर जेल एका तासात ‘करून’ देतात. नाशिकच्या माणसाने तरी तसं करू नये. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्याच खटल्याचे धागे लंडनपर्यंत गेले आणि भगूरला जन्मलेले विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी या तुरुंगाच्या दारात उभे राहिले. थोरले बंधू बाबाराव त्याआधीच तिथे होते. दोघांना १९२१ मध्ये परत मुख्य भूमीवर आणलं. तुम्ही ज्या विमानतळावर उतरता त्यालाही वीर सावरकरांचंच नाव आहे. तेव्हा निघण्याआधी मुलांना एकदा भगूरचा वाडा आणि तिळभांडेश्वर गल्ली दाखवून आणा. तुरुंगातल्या कोठड्या मग त्यांना नुसत्या रिकाम्या खोल्या वाटणार नाहीत.

इमारतीचं बांधकाम १८९६ ते १९०६ चाललं. मधल्या मनोऱ्यापासून सात तिमजली पाखं निघत होती, त्यातली आज तीन उभी आहेत. आत गेलात की एका कोठडीत शिरून दाराकडे तोंड करून उभे राहा. गजांतून दिसते ती पुढच्या पाख्याची पाठ. एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये म्हणून रचनाच तशी केलेली. दाराची कडीही भिंतीत आत ओढून घेतलेल्या खोबणीत अडकते, आतून हात लांबवला तरी पोहोचत नाही. अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवला आहे. त्याला जुंपून माणसाकडून दिवसाला ३० पौंड तेल काढून घेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे आणि तिच्याखालच्या बाजूला फाशीघर. जिने चढायचे असल्याने गुडघेदुखीवाल्यांनी सकाळचा थंड वेळ धरावा.

संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम हिंदीत आणि इंग्रजीत वेगवेगळ्या वेळी होतो. हिंदीचा खेळ लवकर भरतो, म्हणून तिकीट आधी काढून ठेवा. तुरुंगाचा सुट्टीचा वार आणि कार्यक्रमाची वेळ उतरल्या उतरल्या हॉटेलात विचारून घ्या.

हातात आणखी वेळ असेल तर रॉस बेट बघा. ब्रिटिशांचं मुख्यालय तिथे होतं. चर्च, बेकरी, अधिकाऱ्यांचे बंगले, सगळ्यांच्या भिंती आता वडा-पिंपळाच्या मुळांनी कवटाळल्या आहेत आणि मधून हरणं निवांत फिरतात. नॉर्थ बे तुम्ही न जाताही पाहिलेलं आहे: जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेमागचं नारळीचं चित्र तिथलंच. चाथम सॉ मिल १८८३ सालची, लाकडाची आवड असणाऱ्यांनी जावं. बाकीच्यांनी सोडली तरी चालेल.

हॅवलॉक

राहायला विजयनगर किंवा गोविंदनगर किनारा सोयीचा. बाजार, स्कूटर, जेवण जवळ पडतं. स्कूटर भाड्याने मिळते, परवाना आणि हेल्मेट सोबत ठेवा. रस्ता अरुंद आणि वळणांचा, रात्री दिवे जवळपास नाहीत.

राधानगर किनारा पश्चिमेला, धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटरवर. २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तेव्हापासून गर्दीचा ओघ तिकडेच आहे. तरी वाळू इतकी लांब आणि रुंद की पाच मिनिटं चाललं की माणसं विरळ होतात. इथे जेट स्की वगैरे काही नाही, ते बरंच आहे. जीवरक्षकांनी झेंडे लावलेल्या पट्ट्यातच पोहा. किनाऱ्याला मिळणारे नाले आणि खाजण यांच्याजवळ जाऊ नका: अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्यांच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. सूर्य बुडाल्यावर वाळूतले बारीक किडे चावतात, त्यांची खाज आठवडाभर जात नाही. पायाला खोबरेल तेल किंवा डासांचं मलम चोपडा.

काला पत्थर किनारा पूर्वेकडे, सूर्योदयासाठी. एलिफंट किनाऱ्याला धक्क्यावरून छोट्या बोटीने किंवा जंगलातल्या पायवाटेने जातात. स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघणं, मुख्यतः तिथे होतं. लाइफ जॅकेट आणि टायरसारखी रिंग देतात, मार्गदर्शक ओढत नेतो, त्यामुळे पोहता येणं गरजेचं नाही. पण पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची भीती घरीच घालवून आलात तर वीस मिनिटं घाबरण्यात जात नाहीत. त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावावर महिनाभर जा, तरंगायला शिकलात तरी पुरे. एक गोष्ट मुलांना बजावून ठेवा: प्रवाळावर पाय टेकायचा नाही. ते दगडासारखं दिसतं, पण जिवंत असतं आणि पायही कापतं.

स्कूबा: घाईत करायची गोष्ट नाही

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी ‘ट्राय डाइव्ह’ असतो. प्रशिक्षक एकास एक असतो, खोली १२ मीटरच्या आतच ठेवतात, वयाची अट किमान दहा वर्षं. आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यातलं काहीही असेल तर ते लपवू नका. फॉर्म न देता सरळ पाण्यात नेणारं केंद्र दिसलं तर तिथून उठून या. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र बघायला मागा.

कमरेएवढ्या पाण्यात सराव करून घेतात: तोंडाने श्वास, मास्कमध्ये आलेलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढणं, आणि कान. खाली जाताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे कानातला दाब सुटतो. दुखायला लागल्यावर नाही, त्याआधीच. सर्दी असेल तर कान मोकळे होत नाहीत, त्या दिवशी डाइव्ह करूच नका. खुणा पाठ करा. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर न्या’. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. हौसेने अंगठा दाखवणारे लगेच पृष्ठभागावर पोहोचतात आणि प्रशिक्षकाला समजावत बसतात.

भरघोस मिशा असणाऱ्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपतं. मिशा नाकाखाली थोड्या कातरल्या तर फरक पडतो, आता तेवढा त्याग करायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. चष्मा आत घालता येत नाही. नंबरचा मास्क आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्कूबानंतर १८ ते २४ तास विमानात बसायचं नाही. खाली दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. लगेच उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून स्कूबा हॅवलॉकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, शेवटच्या दिवशी कधीच नाही.

ज्या आजी-आजोबांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी नीलच्या भरतपूर किनाऱ्यावरची काचेच्या तळाची बोट ठीक आहे. डोक्यावर मोठं हेल्मेट घालून समुद्रतळावर चालवणारा ‘सी वॉक’ मला पैशांच्या मानाने फारसा पटत नाही. कानावर दाब येतोच आणि फिरायला मिळतो तो छोटासा चौकोन. चांदणं नसलेल्या रात्री खारफुटीतून कयाक करत वल्ह्याच्या टोकाला निळसर चमकणारं पाणी बघणं मात्र त्याहून कितीतरी वरचं.

खाणं

हॅवलॉक आणि नीलवर वस्ती मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेल्या लोकांची. त्यामुळे साध्या खानावळीतली थाळी म्हणजे भात, डाळ, एखादी भाजी आणि मोहरीच्या तेलातलं माशाचं कालवण. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याची सवय असलेल्या जिभेला पहिला घास फिका वाटतो, दुसऱ्या दिवशी तोच आवडायला लागतो. बाजारातल्या खानावळीत ही थाळी रिसॉर्टपेक्षा स्वस्त आणि बहुतेकदा ताजी असते. पोर्ट ब्लेअरला तमिळ वस्ती मोठी, त्यामुळे इडली-डोशाची चिंता नाही.

रात्री किनाऱ्याजवळच्या हॉटेलांबाहेर बर्फावर सुरमई, टूना, स्नॅपर, माकूल, खेकडे, शेवंड मांडलेले असतात. मासा स्वतः निवडा. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लालभडक, बोटाने दाबल्यावर मांस परत वर येणारं: एवढं बघितलं की झालं. मग तुमच्यासमोर वजन करायला सांगा आणि भाव किलोचा की नगाचा, बनवायचे पैसे धरून की वेगळे, हे मासा आत जाण्याआधी ठरवा. शेवंड खायची हौस भागवायची असेल तर एकच मागवून चौघांत वाटून खा. सुरमई तव्यावर, स्नॅपर तंदुरी आणि खेकडा रस्सा, यात सहसा फसगत होत नाही. स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, साडेसातलाच ऑर्डर द्या.

शाकाहारी मंडळींचे हाल होतात ही ऐकीव गोष्ट फारशी खरी नाही. नीलवर भाजीपाला भरपूर पिकतो. फक्त ‘मासे नाही, अंडं नाही’ असं दोन्ही सांगा. तवा-कढई वेगळी हवी असणाऱ्यांनी शुद्ध शाकाहारी पाटी असलेलीच जागा धरावी. जैनांनी हॉटेलला आधी फोन करावा. बोटीसाठी आणि पहाटेच्या भुकेसाठी घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोंडाजीचा चिवडा बॅगेत असू द्या. शहाळं पिऊन झालं की विक्रेत्याला ते फोडून मलई काढून द्यायला सांगा. सालाचाच चमचा करून देतात.

नील

नीलवरच्या किनाऱ्यांची नावं ऐकून पंचवटीकर हसेल: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, आणि एका वस्तीचं नाव रामनगर. बेट इतकं लहान की सायकलवर फिरून होतं. सकाळी सीतापूरला सूर्योदय, संध्याकाळी लक्ष्मणपूरला सूर्यास्त, मधे नैसर्गिक खडकाची कमान. कमान बघायची ती ओहोटीलाच. खडकांच्या डबक्यांत तेव्हा समुद्रकाकडी, खेकडे, छोटे मासे अडकलेले दिसतात. भरतीला तिथे पोहोचताच येत नाही. हॉटेलवाल्याला ओहोटीची वेळ विचारा आणि बाकी दिवस तिच्याभोवती बसवा. चपला पकड असलेल्या घाला, शेवाळलेला खडक साबणासारखा निसटतो.

बारातांगला जावं का?

बारातांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी बघायला पहाटे तीन-चारला निघून, जिरकाटांगच्या तपासणी नाक्यावर ताफ्यात गाड्या लावून, जारवा जमातीच्या राखीव जंगलातून जावं लागतं. रस्त्यात थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं हे सगळं गुन्हा आहे, १९५६ पासून त्यासाठी कायदा आहे. गुहा वाईट नाहीत, पण पूर्ण दिवस जातो आणि माणसांच्या घरातून ‘बघायला मिळतील का’ अशा नजरेने जाणाऱ्या गाड्यांत बसणं मला रुचत नाही. तो दिवस हॅवलॉकला द्या.

बॅग आणि परतीचा प्रवास

रोख पैसे पुरेसे न्या, बेटांवर एटीएम थोडी आणि कधी रिकामी. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून पोर्ट ब्लेअरचं इंटरनेट सुधारलं, तरी हॅवलॉक-नीलला रेंज येते-जाते. तिकिटांच्या छापील प्रती ठेवा. सुती कपडे, टोपी, सनस्क्रीन, मोबाइलसाठी पाणीरोधक पिशवी, नेहमीची औषधं आठवड्याला पुरतील एवढी. जीन्स एकच, ती वाळत नाही.

शंख-शिंपल्यांच्या वस्तू पोर्ट ब्लेअरच्या सागरिका या सरकारी दुकानातून घ्या आणि बिल जपून ठेवा. किनाऱ्यावर पडलेलं प्रवाळ, मग ते मेलेलं का असेना, उचलायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ त्याला लागू आहे आणि विमानतळावर बॅगा उघडून तपासतात.

मुंबईला रात्री उतरणार असाल तर नाशिकची गाडी आधी ठरवून ठेवा. आमणे ते इगतपुरी समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून घाटातली रखडपट्टी टळते. आणि विमानतळाला निघण्याआधी मुलांचे खिसे हॉटेलातच उलटे करून बघा, वाळूबरोबर दोन-चार पांढरे तुकडे निघतातच.